झेटांचं रेडिओ जाळं: अँटेना मोजल्या, माणसं मोजलीच नाहीत

रानवारा (धागाकर्ता)
डिसेंबर २०११ मध्ये मेक्सिकन लष्कराने झेटा या अमली पदार्थांच्या टोळीचं रेडिओ जाळं उखडलं. नुएव्हो लेओन, कोआवीला, सान लुईस पोतोसी आणि तामाउलीपास या चार राज्यांतून १६७ अँटेना, १५५ रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारे संच) आणि १,४४६ वॉकीटॉकी जप्त झाले. हे सगळं उभं करणाऱ्या माणसांबद्दल त्या यादीत एक ओळ नाही. जून २००९ मध्ये नुएव्हो लारेदोत मोबाइल कंपनीचं काम करणारे नऊ तंत्रज्ञ एकत्रच पळवले गेले. २०१२ मध्ये मेक्सिकन पत्रकारांनी हिशोब मांडला तेव्हा अशा पळवलेल्या तंत्रज्ञांचा आकडा किमान ३६ वर गेला होता, आणि त्यातला एकही परत आलेला नव्हता. माझं मत स्पष्ट आहे: जाळं याच माणसांकडून बांधून घेतलं, ही वेठबिगारी होती. जप्त रिपीटर हा तपासाचा शेवट नसून सुरुवात असायला हवी होती.

तारायंत्र
असहमत. बेपत्ता माणसांचं दुःख खरं आहे, पण त्यावरून थेट "त्यांनीच जाळं बांधलं" असं म्हणता येत नाही. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर पुन्हा पाठवतो. सपाटीवर हातातला संच चार-पाच किलोमीटरच्या पुढे रडतो, उंचावरच्या रिपीटरमार्फत तोच पन्नासच्या पुढे बोलतो. टॅक्सीवाल्यांना संच बसवून देणारा दुकानदारही हे काम करतो. तसा माणूस पैशाने मिळत होता. झेटांचं रेडिओ जाळं उभारणारा, 'एल टेक्निको' म्हणून ओळखला जाणारा होसे लुईस देल तोरो एस्त्रादा पळवून आणलेला नव्हता. त्याने अमेरिकेत ह्यूस्टनच्या फेडरल न्यायालयात गुन्हा कबूल केला. पगारी माणूस समोर असताना वेठबिगारीचा दावा करायचा तर पुरावा त्या तोडीचा हवा.

गंजका कनेक्टर
तारायंत्र, तुम्ही उभारणीचं बोलताय, घोडं देखभालीत अडतं. हे टॉवर झुडपांत, गडद हिरव्या रंगात, वीज नाही म्हणून सौर पॅनेल आणि बॅटरीवर. २५ वॉटचा रिपीटर बोलताना १२ व्होल्टवर साधारण ६-७ अँपिअर ओढतो. दिवसाला आठ तास बोलणं धरलं तर ५० अँपिअर-तास गेलेच. १०० अँपिअर-तासांची लीड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली आणि वर मेक्सिकोच्या आखाताकडचं ऊन, तर ती फार काळ टिकत नाही. कनेक्टरवरची टेप सुटली की केबलमध्ये पाणी शिरतं. डुप्लेक्सरची (एकाच अँटेनावर ऐकणं आणि पाठवणं वेगळं ठेवणारे फिल्टर) जुळणी बिघडली की रिपीटर स्वतःच्याच प्रक्षेपणाने बहिरा होतो: दिवा लागलेला, संच चालू, पण लांबचं कुणी ऐकू येत नाही. मीटर लावून प्रत्येक फिल्टर पुन्हा जुळवावा लागतो, स्क्रू अंदाजाने फिरवून नाही. असे १५५ रिपीटर चार राज्यांत जिवंत ठेवायला एक 'टेक्निको' पुरत नाही. शिवाय तो २००८ मध्येच पकडला गेला, आणि जाळं २०११ पर्यंत चालू होतं. मधली तीन वर्षं कुणाच्या हातांनी?

पाणवठा
जबरदस्ती फक्त तंत्रज्ञांवरच होते असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये मेक्सिकोच्याच मिचोआकान राज्याच्या सरकारी वकिलांनी सांगितलं की एका टोळीने चोरलेल्या सामानातून वायफायचे अँटेना उभारले आणि गावकऱ्यांना महिना ४०० ते ५०० पेसो भरायला लावले. न घेणाऱ्याला जिवे मारण्याची धमकी. तिथे ग्राहकच वेठीला धरलेला.

तारायंत्र
मिचोआकान म्हणजे खंडणी, तो वेगळा गुन्हा आहे. दोन्ही एकत्र केले तर कुठलाच नीट सिद्ध होणार नाही. २००८ ते २०११ चा मुद्दा मात्र मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही पगारी मदतनीस असणं अशक्य नव्हतं, हे मी सोडत नाही.

रानवारा
सोडू नका, पण तपासायची सोय होती ना. प्रत्येक संचाला अनुक्रमांक असतो. आत चॅनेलची यादी असते, ती कुणीतरी संगणक जोडून भरलेली. लष्कराने ७१ संगणकीय उपकरणंही ताब्यात घेतली होती. कुठला टॉवर कधी सुरू झाला आणि त्या भागातून कोण कधी नाहीसं झालं, या दोन तारखा शेजारी ठेवायच्या. ३६ घरांना एवढं तरी करून हवं होतं.