तळेगावात ह्युंदाई सुरू झाली, मग कोकणात सुटे भाग लवकर मिळतील का?

सड्यावरचा:
रोज गणपतीपुळे–रत्नागिरी, तेही आरे-वारेच्या किनारी रस्त्याने. महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूर. एक्स्टर सीएनजी, नवी व्हेन्यू डिझेल की क्रेटा इलेक्ट्रिक? कारखाना आता राज्यातच आला, त्याचा काही उपयोग?

जॅक_आणि_पाना:
सुट्या भागांसाठी फारसा नाही. कारखान्यातून भाग थेट शोरूमला येत नाहीत, ते मोबिसच्या, म्हणजे ह्युंदाई गटातल्या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या, गोदामांतून येतात. तळेगावचा कारखाना मूळचा जनरल मोटर्सचा. २०२० अखेर तिथलं उत्पादन थांबलं, २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला आणि २०२५ च्या नव्या व्हेन्यूपासून गाड्या निघू लागल्या. क्षमता आधी वर्षाला १.७ लाख, पुढे २.५ लाख करायची आहे. २०३० पर्यंत २६ गाड्या आणायचं जाहीर केलंय, त्यात नवी किती आणि नुसती तोंड रंगवलेली किती, ते बघूच. तुम्ही सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे ते बघा.

घाटवाट:
एक्स्टर पेट्रोलवर ८३ पीएस, सीएनजीवर ६९. चार माणसं, सामान आणि एसी असला की आंबा घाटात दुसऱ्या गिअरवरच राहावं लागतं. चढाला पेट्रोलवर घ्या. व्हेन्यू डिझेलला २५० एनएम टॉर्क आहे, घाट जाणवत नाही. पण नुसतं रोजचं जवळचं फिरणं असेल तर डिझेल नको. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, तापतच नाही, काजळी साचून दिवा लागतो. महिन्यातल्या दोन कोल्हापूर फेऱ्यांत मात्र तो साफ होईल.

खारा_वारा:
गाडी कुठलीही घ्या, खारं वारं सोडत नाही. आठवड्याला खालून गोड्या पाण्याने धुवा. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीने मोकळी ठेवा, आरे-वारेची वाळू तिथेच बसते. अंडरकोटिंग करताना ही भोकं बुजवू देऊ नका. ओल्या पत्र्यावर कोटिंग मारलं तर आतून गंजतो आणि वर्षभर कळतही नाही. पावसाळ्यात एक्स्टर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रमला शूज चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

इलेक्ट्रिकला उलटा त्रास. रीजेन (मोटरच वेग कमी करते आणि त्यातून बॅटरी भरते) असल्याने ब्रेक कमी लागतो आणि डिस्क गंजते. आठवड्यातून एकदा स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजेन शून्यावर आणून चार-पाचदा दाबून ब्रेक मारा.

सड्यावरचा:
घरी चार्जिंगचं काय? वीज सिंगल फेज आहे.

खारा_वारा:
क्रेटा इलेक्ट्रिकची ५१.४ किलोवॅट-तासांची बॅटरी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पूर्ण भरायला चोवीस तास धरा. तुमचं रोजचं फिरणं पाहता रात्रीचं चार्जिंग पुरतं. ११ किलोवॅटचा चार्जर पूर्ण जोराने चालवायचा तर थ्री फेज आणि मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. आधी अर्थिंग मोजून घ्या. सड्यावरचा जांभा मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, अर्थिंगचा रोध वाढतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो. खड्डा खोल घ्या, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

घाटवाट:
आणि घाटमाथ्यावर आंबा गावात मुक्काम करून १०० टक्के भरून घाट उतरू नका. बॅटरीत जागा नसली की रीजेन चालत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ८५ वरच प्लग काढा.