योगवर्गाला नाव हवंय, गावातल्या प्रत्येकीला आपलं वाटेल असं

डिचोलीची सकाळ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या योगवर्गाला अजून नाव नाही आणि आता ते पंधरा दिवसांत ठरवायचं आहे. पंचायतीचं सभागृह सकाळी आम्हाला मिळणार आहे, पण अर्जावर वर्गाचं नाव लिहावं लागतं. शिवाय पावतीपुस्तक छापायचंय, आणि 21 जूनला बायकांना स्वतःचा बॅनर हवाय. आतापर्यंत मोबाईलवरच्या ग्रुपला 'योगा सकाळ' एवढंच नाव होतं, त्यावर भागत होतं.

थोडं मागचं सांगते, म्हणजे नाव सुचवायला सोपं जाईल. 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या वाड्यावर दारादारात खनिज वाहणारे ट्रक बिनकामाचे उभे राहिले. त्यांच्या कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. घरातल्या बायकांची झोप उडाली. मी लोणावळ्याला योग शिकून आले होते, पण शिकवायचा विचार नव्हता. एक दिवस शेजारीण म्हणाली, "मला बाकी काही नको गो, नीट श्वास घ्यायला शिकव." दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ती आणि तिची जाऊ चटया घेऊन माझ्या आंगणात आल्या. तुळशीच्या त्या बाजूला त्या दोघी, या बाजूला मी. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू आला की शवासनातून उठायचं, हे वेळापत्रक तेव्हापासूनचं.

आज आम्ही सत्तावीस जणी आहोत. सगळ्यात मोठ्या आजी एकाहत्तर वर्षांच्या. तीन ख्रिश्चन आहेत, एक मुसलमान. पावसाळ्यात आंगणात बसता येत नाही आणि सोप्यावर नऊपेक्षा जास्त चटया मावत नाहीत, म्हणून सभागृह.

सुचलेली नावं अशी. 'ॐ शांती योग केंद्र' बऱ्याच जणींना आवडलं. 'पतंजली योगवर्ग' माझ्या मनात होतं, पण आता ते नाव घेतलं की लोकांना आधी साबण आणि पीठच आठवतं, मग ही त्यांचीच शाखा का विचारतात. माझ्या भाच्याने 'सुशेगाद योग' सुचवलं, सुशेगाद म्हणजे निवांत, आरामात. ते मला नको. पहाटे चारला उठून, पाणी भरून, डबे करून येणाऱ्या बायका या. बाहेरचे लोक गोव्याला जे म्हणतात ते त्यांच्या पाठीवर मी चिकटवणार नाही.

माझ्या वर्गातल्या एका ख्रिश्चन मैत्रिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरा सांगपाक सोंपें जातलें अशें नांव दवर गो बाये." तिच्या सासूला आधी हे काहीतरी देवाधर्माचं वाटलं होतं. दोन महिने मैत्रीण तिला समजावत होती. हे ऐकल्यापासून ॐ असलेलं नाव ठेवायला माझं मन होत नाही, आणि ॐ काढलं तर आजींना काय वाटेल तेही कळत नाही.

एक नाव मात्र मनात घर करून बसलंय. 'मांड'. आमच्याकडे धालो, शिगमो ज्या जागेवर होतात तो मांड. पौषातल्या रात्री बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून गातात, ती जागा बायकांची. आणि मराठीत मांड पक्की असणं म्हणजे बसणं स्थिर असणं. आसन म्हणजे तेच ना? तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने सांगा. पुढे नोकरीवाल्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्गही काढायचाय, तेव्हा नावात सकाळ, पहाट, फांतोड नको.

फोंड्याचे मास्तर

बाई, आधी एक विनंती. बॅनरवर 'योगा' लिहू नका. रोमन लिपीतल्या शेवटच्या अक्षराने तो काना आपल्या गळ्यात बांधला. आपला शब्द योग. जुळणं, जोडणं. योग आला, योगायोगाने भेटलो, असं आपण दिवसातून दहादा म्हणतो, तेव्हा कोणी 'योगा आला' म्हणत नाही. 'केंद्र', 'संस्था', 'पीठ' हेही नको. तुमचा वर्ग आहे, 'योगवर्ग' हा पुरेसा मानाचा शब्द आहे.

नाव कुठून घ्यावं याचे दोन मोठे दाखले आपल्या शेजारीच आहेत. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. पतंजलींच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादाचं, म्हणजे भागाचं, नाव कैवल्यपाद. कैवल्य म्हणजे मुक्ती, जिथे पोहोचायचं ते नावात आलं. अय्यंगार गुरुजींनी पुण्यातली संस्था 1975 मध्ये सुरू केली, तिला दिवंगत पत्नी रमामणी यांचं नाव आहे. एकाने ध्येय घेतलं, एकाने माणूस घेतलं.

सूत्रांतून घ्यायचं तर दुसऱ्या पादातलं सेहेचाळिसावं सूत्र बघा, 'स्थिरसुखमासनम्'. आसनाबद्दल पतंजलींनी पहिल्यांदा सांगितलं ते एवढंच, स्थिर असावं आणि सुखाचं असावं. 'स्थिरसुख योगवर्ग' हे नाव मला फार आवडतं. त्यात कुठल्या देवाचं नाव नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'समत्वं योग उच्यते' आहे, त्यावरून 'समत्व' होईल. आणि ज्ञानेश्वर महाराजांनी सहाव्या अध्यायात या वाटेला 'पंथराज' म्हटलंय. मी स्वतः तो शब्द उच्चारला की अजून अंगावर काटा येतो. पण वर्गाच्या दारावर तो लावावा का, याचं उत्तर माझ्याजवळ हो असं येत नाही. तो फार उंचावरचा आहे.

'बैठक' कोणी सुचवेल. अर्थाने चोख आहे, पण आपल्या भागात "बैठकीला जाते" म्हटलं की निरूपणाची बैठक समजतात. रोज खुलासा करावा लागेल.

'मांड' बद्दल गावच्या बायकांनीच बोलावं. माझा तो अधिकार नाही.

म्हापशाची नर्स

नाव कुठलंही ठेवा, त्यात आजाराचं आश्वासन नको. 'निरोगी', 'रोगमुक्त', 'मधुमेहमुक्ती' असलं काही नको. माझी मावशी अशा एका वर्गाला जायची. तिथल्या बाईंनी गोळ्या बंद करा असं कधी सांगितलं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण नावातच मुक्ती होती. तीन महिने नेमाने गेल्यावर तिने रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सोडल्या, कोणाला सांगितलं नाही. चौथ्या महिन्यात आम्ही तिला उचलून इस्पितळात नेलं. आता बरी आहे, पण उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही. ती आजही म्हणते, "पाटीवर लिहिलं होतं ना." वर्गात येणारी बाई पाटी रोज वाचते, आणि खरी मानते.

पणजीतून कागदपत्रं करणारा

मी लहान धंद्यांची नोंदणी वगैरे करून देतो, तेवढ्यापुरतं सांगतो. नुसतं वर्णन असलेलं नाव, 'गोवा योगवर्ग' सारखं, सहसा कोणालाच हक्काने आपलं म्हणता येत नाही. ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 9. शिकवणं आणि प्रशिक्षण ट्रेडमार्कच्या यादीतल्या वर्ग 41 मध्ये येतं. ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर त्या वर्गात नाव शोधून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर यादीतल्या एका वर्गाला 4500 रुपये, आणि गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयात जातं. सत्तावीस जणींच्या वर्गाला आज त्याची घाई नाही, पैसे चटयांवर घाला. आधीच कोणाचं असलेलं नाव मात्र उचलू नका.

नकाशावर नाव टाकाल तेव्हा गाव जोडा. 'गोवा' आणि 'योग' एवढंच शोधलं तर हरमल, मांद्रे, आगोंदचे किनाऱ्यावरचे वर्ग निघतात, नोव्हेंबर ते मार्चचे. तुमच्या वाड्यावरची सून ते बघून समजते की हे आपल्यासाठी नाही.

'मांड' रोमन अक्षरांत लिहिलं की 'मंद' असंही वाचलं जातं, आणि शेवटी एक अक्षर वाढलं तर 'मांडो' होतो, म्हणजे गोव्यातला गाण्याचा प्रकार. फोनवर सगळे रोमनमध्येच शोधतात.

पेडण्याची लेक

'मांड' वाचून मला भरून आलं, कारण आमच्या आवशीचा सगळा पौष त्या मांडावर गेला. म्हणूनच सांगते ताई, नको. आमच्या वाड्यावर मांडावर चपला घालून कोणी पाय ठेवत नाही. धालो सुरू करताना आधी मांडाला नमन होतं, ते झाल्याशिवाय पहिलं गाणं उचलत नाहीत. ती जागा वाड्याची, तिला फी नाही, पावती नाही. उद्या तुमच्या पावतीवर 'मांड, महिना तीनशे रुपये' असं छापलं तर आमच्या म्हाताऱ्या काही बोलणार नाहीत, पण त्यांना लागेल. आणि ज्या मैत्रिणीला घरी सांगायला सोपं नाव हवंय, तिला हेही समजावून सांगावं लागेलच.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की पहिल्या दिवशी त्या दोघी तुमच्या आंगणात आल्या. आंगण सगळ्यांच्या दारात आहे. तुमच्या आंगणात तुळस, तुमच्या त्या मैत्रिणीच्या आंगणात खुरीस, म्हणजे क्रूस. तिथे बसायला कोणाला विचारावं लागत नाही. 'आंगण योगवर्ग' का नाही?

फोंड्याचे मास्तर

पेडण्याच्या लेकीने माझं 'स्थिरसुख' मागे टाकलं आणि मला ते मान्य आहे. 'आंगण' म्हणताना 'अंग'ही ऐकू येतं, आणि पतंजलींच्या योगालाही आठ अंगंच आहेत. अंगणवाडीशी पहिले काही दिवस घोटाळा होईल. तो 'योगवर्ग' हा शब्द सोबत ठेवला की मिटेल.

डिचोलीची सकाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडाचं बोलणं मी आमच्या एकाहत्तर वर्षांच्या आजींजवळ काढलं. धालोंची गाणी त्यांच्याइतकी आता वाड्यावर कोणाला येत नाहीत. त्या रागावल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "मांड मांडार आसूं दी." तेवढ्यावरून मला समजलं. पेडण्याच्या ताईंनी लिहिलं होतं तेच होतं, आणि ते मला आधी कळायला हवं होतं.

सोमवारी वर्ग संपल्यावर सगळ्यांसमोर 'आंगण' म्हटलं. कोणी अर्थ विचारला नाही. सत्तावीस जणींत एकीनेही विचारला नाही. ॐ अजूनही हवा असणाऱ्या दोघी होत्या, त्यांना सांगितलं की सुरुवातीला ज्यांना म्हणायचा त्यांनी म्हणावा, ज्यांना नाही त्यांनी डोळे मिटून श्वास बघावा. तसं तर आम्ही पहिल्यापासून करतोय, फक्त कधी बोललो नव्हतो. माझी ती मैत्रीण घरी गेली आणि तासाभराने तिचा निरोप आला. सासूने विचारलंय, आंगणात साठीच्या बायकांना घेतात का. गुडघे दुखतात तिचे. मी म्हटलं खुर्चीवरची आसनं आहेत, घेऊन ये.

नर्सताई, पाटीवर आजाराचा एक शब्दही येणार नाही. नाव नोंदवताना चालू असलेल्या गोळ्या विचारून वहीत लिहून ठेवायला मी कालपासून सुरुवात केली.

पाटी रंगवणारा शुक्रवारी येतोय. मास्तर, एकच विचारायचं राहिलं. शुद्ध मराठीत 'अंगण' लिहितात, आम्ही बोलतो 'आंगण'. पाटीवर काय लिहू?

फोंड्याचे मास्तर

'आंगण'. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांत मी तो काना लाल शाईने खोडला. तुम्ही तो ठेवा, आणि जरा मोठा काढायला सांगा.