मदत हवी आहे: हाडांच्या डॉक्टरांचं लेखी मत मिळेल का?

करवीर तालुक्यातल्या एका ताईंसाठी विचारतोय. गुडघ्याजवळ प्लेट बसवली, एक्स-रेत खालचा स्क्रू सांध्यात घुसलेला दिसतो. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात घालायची आहे. वकिलाची अडचण नाही; महिलांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बिल ५ लाखांच्या आत, म्हणजे आयोगाची फीही शून्य. घोडं अडलंय तज्ज्ञाच्या मतावर. त्याशिवाय अशी तक्रार सहसा टिकत नाही, आणि गावातला डॉक्टर गावातल्याच डॉक्टरविरुद्ध कशाला लिहून देतोय! केसपेपर, ऑपरेशन नोट्स हातात आहेत (लेखी मागणीनंतर ७२ तासांत द्यावे लागतात, पोच घ्याच). पुण्याकडचं कोणी वाजवी फीत मत देईल का? आयोगामार्फत सरकारी डॉक्टरांचं मत मागवलेलं असेल तर किती वेळ लागला? तक्रार दाखल करायची २ वर्षांची मुदत मार्चमध्ये संपतेय.