कॅकिनेट : खदखदणे, दात काढणे की अट्टहास?

प्रश्न : एका इंग्रजी कथेच्या अनुवादात 'कॅकिनेट' हे क्रियापद आले आहे. कोशात 'मोठ्याने, अनावर हसणे' एवढाच अर्थ मिळतो. आमच्या कोल्हापुरात अशा हसणाऱ्याला "कशाला दात काढालाईस?" असे दरडावतात. येथे 'दात काढणे' चालेल, की 'अट्टहास करणे' योग्य ठरेल?

उत्तर : 'दात काढणे' यातील नापसंती नेमकी जुळते, परंतु त्यात आवाज नाही; माणूस मुकाट्यानेही दात काढू शकतो. 'कॅकिनेट'चा जीव मात्र आवाजातच आहे. मूळ लॅटिन क्रियापद 'काकिन्नारे', म्हणजे खदखदून हसणे, आणि ते हसण्याच्या ध्वनीवरूनच घडलेले मानतात. ग्रीकमध्ये त्याच अर्थाचे 'काखाझेइन' आहे आणि आपल्या पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, 'कख हसने' ('कख' म्हणजे हसणे) असा धातू नोंदलेला आहे. 'ख्याख्या हसणे' म्हणताना आपणही तोच घसा वापरतो, म्हणून ही साम्ये पाहून कोणी कोणाकडून शब्द उचलला, याच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. इंग्रजीत 'कॅकिनेशन' हे नाम सतराव्या शतकापासून आढळते, तर क्रियापद एकोणिसाव्या शतकातले आहे.

'अट्टहास' मी टाळेन. संस्कृतात त्याचा अर्थ मोठ्याने हसणे असाच असला, तरी तुकोबांच्या 'याजसाठी केला होता अट्टाहास'पासून आजच्या बोलण्यापर्यंत मराठी वाचक त्यातून हट्ट किंवा जिवापाड खटपट हाच अर्थ घेतो. आणि ज्याला हसणे आठवते, त्याच्या डोळ्यांसमोर पौराणिक नाटकातला राक्षस उभा राहतो.

अर्थाने सर्वांत जवळचा शब्द नाट्यशास्त्रात आहे. भरतमुनींनी स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले असून शेवटचे दोन, अपहसित आणि अतिहसित, अधम पात्रांच्या वाट्याला दिले आहेत. डोळ्यांत पाणी, चढलेला उद्धट स्वर आणि हातांनी धरलेल्या कुशी हे अतिहसिताचे वर्णन वाचले, की 'कॅकिनेट' करणारा माणूस समोर दिसतो. मात्र अनुवादात 'अतिहसित' घातल्यास वाचकाला तळटीप द्यावी लागेल, आणि तळटीप वाचून कोणी हसत नाही.

इंग्रजी लेखक हा भारदस्त लॅटिन शब्द बहुधा थट्टेने वापरतो. त्यामुळे निवेदकाच्या तोंडी 'सातमजली हास्य' शोभेल, कारण त्यातही आवाज आणि खोटा थाट दोन्ही आहेत. संवादात कोणी चिडून बोलत असेल, तर आपले कोल्हापुरी 'दात काढणे' खुशाल ठेवावे.

पुरवणी : मनोविकारशास्त्राच्या पुस्तकांत 'कॅकिनेशन' म्हणजे प्रसंगाला न जुळणारे, कारणावाचूनचे अनावर हसू, स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांत त्याचा उल्लेख येतो. कथेतील पात्र रुग्ण असेल, तर 'सातमजली' आणि 'दात काढणे' ही दोन्ही रूपे क्रूर वाटतील. तेथे 'कारण नसताना हसत सुटणे' असे साधे लिहिणेच बरे.