युरोपच्या फोटोंचा क्रम लागत नाहीये, शुक्रवारपर्यंत मदत हवी आहे

चकलीचुरा | मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४, २२:१४

नमस्कार. दिवाळीआधी युरोपला जाऊन आलो. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून तारखेने लावले तर आम्ही आयफेलवर चढायच्या आधीच उतरलोय आणि सकाळचा नाश्ता दुपारच्या जेवणानंतर येतोय. येत्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. फोटोबुकवाल्याला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फायली हव्यात. एकूण ११४० फोटो आहेत, हाताने सरकवत बसायला वेळ नाही. सरळ, पटकन होणारा उपाय सांगा.

मी_पुणेरी | २२:२१

फोटो कशाने काढले, किती जणांनी काढले, कुठे कुठे गेला होतात, आता कशावर बघताय? यातलं एकही लिहिलेलं नाही. 'युरोप' हा काही पत्ता नव्हे.

शेपूभाजी | २२:२६

११४० फोटो छापणार? बघणाऱ्यांचा विचार करा हो. आम्ही इटलीचं पुस्तक केलं तेव्हा तारखेच्या भानगडीतच पडलो नाही. एक पान खाण्याचं, एक दारांचं, एक मांजरांचं. रोममध्ये मांजरं इतकी की त्यांनाच चार पानं लागली. तुम्हीही विषयवार लावा, तारीख कोण बघतंय?

अंधारखोली | २२:३८

शेपूभाजींशी अर्धा सहमत. आमच्या वेळी ३६ फोटोंचा एक रोल, आणि असे तीन रोल घेऊन माणूस परदेशात जायचा. निगेटिव्हवर आकडे असायचे, क्रम आपोआप लागायचा. १०८ फोटोंत सगळी ट्रिप. आता बोट ठेवलं की वीस निघतात आणि मग धागे काढावे लागतात.

चकलीचुरा | २२:४५

मांजरं आणि रोल दोन्ही नकोत, प्लीज. बाबांचा एटीएममधल्या पावत्याही तारखेने लावून ठेवण्याचा स्वभाव आहे, त्यांना क्रमच हवा. कॅमेरा आणि मोबाइल दोन्हीचे फोटो आहेत. लॅपटॉप, विंडोज. पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न, प्राग. अजून काय हवंय?

आज्ञाधारक | २२:५२

ताई, रोग कळला. मोबाइल तिथे उतरल्या उतरल्या स्थानिक वेळ घेतो, कॅमेरा घेत नाही. तो बहुतेक भारतीय वेळेवरच राहिला. ऑक्टोबरात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा प्रत्येक फोटो तेवढा पुढे सरकलाय.

उपाय: एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, एका आज्ञेत सगळ्यांची वेळ मागे जाते. पण आधी खात्री करा. कॅमेऱ्याने काढलेला असा एखादा फोटो शोधा ज्यात घड्याळ दिसतंय. घड्याळात किती वाजलेत आणि फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डेट टेकन' काय आहे ते सांगा. 'डेट मॉडिफाइड' नव्हे.

लंडनस्थ | २२:५९

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो. आईला फोन करायचा तर इतक्या वर्षांनंतरही बोटं मोजावी लागतात. माझ्याकडे दोन मनगटी घड्याळं आहेत, एक पुण्याचं.

चकलीचुरा | २३:०८

लंडनला गेलो नव्हतो.

आज्ञाधारक, घड्याळाचा फोटो आहे. पॅरिसला म्यूझे दॉर्से, म्हणजे ओर्से संग्रहालयात, पाचव्या मजल्यावर काचेचं प्रचंड घड्याळ आहे, त्याच्यासमोर आई-बाबा उभे आहेत, दोघांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. मागे धुकट नदी. ट्रिपमधला सगळ्यात सुंदर फोटो, मुखपृष्ठावर तोच घेणार आहे. २४ ऑक्टोबर. घड्याळात ९:२० वाजलेत आणि डेट टेकन १८:१० आहे. म्हणजे ८ तास ५० मिनिटांचा फरक? हे कुठलं साडेतीन?

टवाळ | २३:११

कॅमेरा टोकियोच्याही पुढे गेलेला दिसतोय. त्याला एकट्याला फिरायला पाठवलं होतं का?

मी_पुणेरी | २३:१५

कॅमेऱ्यातला छोटा सेल संपला असणार, म्हणून वेळ भरकटली. जुना आहे का कॅमेरा? मॉडेल सांगा.

आज्ञाधारक | २३:१८

सेल संपला तर तारीख पार मूळ वर्षावर जाते. इथे तारीख बरोबर आहे, म्हणजे सेल नाही.

मी_पुणेरी | २३:२०

माझ्या कॅमेऱ्यात सेल संपताना वेळ आधी मागे पडायला लागली होती, तारीख नंतर गेली. अनुभवाचं सांगतोय.

पावसाळीढग | २३:३१

अहो थांबा. ओर्से सकाळी साडेनऊला उघडतं. ९:२० ला तुम्ही पाचव्या मजल्यावर कशा?

ते घड्याळ बाहेरून बघण्यासाठी आहे. ती इमारत मुळात रेल्वे स्टेशन, १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. संग्रहालय १९८६ मध्ये झालं. घड्याळ नदीपलीकडून दिसावं म्हणून लावलेलं. तुम्ही आतून, पाठीमागून बघताय, त्यामुळे आकडे आणि काटे दोन्ही उलटे. फोटो आरशासारखा फिरवून बघा, २:४० दिसतील. दुपारचे २:४० आणि कॅमेऱ्यात १८:१०. बरोब्बर साडेतीन तास.

टवाळ | २३:३३

साष्टांग दंडवत.

चकलीचुरा | २३:४०

फिरवून बघितला. २:४० च आहेत! रोमन आकडे उलटे आहेत हे पन्नास वेळा फोटो बघूनही दिसलं नव्हतं, आई-बाबांकडेच बघत होते. आज्ञाधारक, ती आज्ञा टाका ना.

आज्ञाधारक | २३:४४

विपु (विचारपूस, म्हणजे तुमच्या निरोपाच्या पानावर) केली आहे. अजून एक पडताळा: आयफेल रात्री दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो. तसा फोटो असेल तर त्याची वेळ बघा.

चकलीचुरा | २३:५१

आहे, २३:३२. साडेतीन वजा केले की ८:०२. जमलं!!

सायली_किनारा | बुधवार, २० नोव्हेंबर, ०७:३०

रात्रीच्या आयफेलचे फोटो छापू नका हं. मनोऱ्यावर हक्क नाहीत, पण दिव्यांच्या रचनेवर आहेत. रात्रीचा फोटो परवानगीशिवाय छापता येत नाही.

अंधारखोली | ०७:४८

ते धंद्यासाठी छापणाऱ्यांना. घरातल्या पुस्तकाला कोणी विचारत नाही. आणि दिवसा आयफेल जास्त चांगला दिसतो, लोखंडाची वीण दिसते. रात्री सगळ्यांचे फोटो सारखेच येतात.

सायली_किनारा | ०८:०२

वीस हजार दिवे लुकलुकताना प्रत्यक्ष बघितलेत का कधी? मग बोला.

चकलीचुरा | २१:१२

आज्ञाधारक, गोंधळ वाढलाय! ऑफिसातून आल्यावर सगळे कॅमेरा फोटो साडेतीन तास मागे नेले. पॅरिस सुतासारखं सरळ झालं. ल्युसर्न आधीपेक्षा वाईट. लाकडी पुलावर दिवे लागलेत, तळ्यात त्यांचं प्रतिबिंब आहे, आकाश काळं ठार आणि वेळ दुपारचे चार! फोटोबुकवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला.

मी_पुणेरी | २१:१९

मूळ फोटोंची प्रत ठेवलीत ना? नाही ठेवली असेल.

आज्ञाधारक | २१:२२

एक्झिफटूल मूळ फाइल स्वतःच शेजारी ठेवतं, घाबरू नका. पॅरिसचे सोडून बाकी सगळे मूळ जागेवर आणा. आता एक विचारतो: कॅमेरा कोणाकडे होता? मधे कोणी त्याचं घड्याळ बदललं का?

चकलीचुरा | २१:२५

बाबांकडे. त्यांना सेटिंगमधलं काही कळत नाही, कोणी हात लावलेला नाही.

पावसाळीढग | २१:२९

बाबांना विचारलंत का?

चकलीचुरा | २१:५८

विचारलं. काही सांगू नका.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, ३४ वर्षं. ल्युसर्न स्टेशनवर उतरल्यावर आम्ही सगळे बॅगा मोजत होतो आणि हे फलाटावरच्या घड्याळाखाली उभे. त्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा बारावर येऊन क्षणभर थांबतो, मिनिटकाटा सरकला की मग पुढे निघतो. त्यांनी तो पाच वेळा बघितला, व्हिडिओ काढला आणि म्हणे, "एवढ्या अचूक गावात आपला कॅमेरा चुकीचा चालतोय, बरं दिसत नाही." तिथल्या तिथे कॅमेऱ्याची वेळ लावली. ल्युसर्नच्या त्या घड्याळाबरहुकूम, काटा सुटताना बटण दाबून! कोणालाही बोलले नाहीत. आत्ता म्हणतात, "तू विचारलंस कधी?"

टवाळ | २२:०१

बाबांना माझा नमस्कार सांगा.

सतरंगी | २२:०६

तो लाल काटा मुद्दाम तसा आहे. फलाटावर गाडी सोडणारा माणूस हातात जी लाल चकती धरायचा, तिच्यासारखा. मूळ घड्याळ १९४४ चं, लाल काटा नंतर आला. एसटी कंट्रोलरला तो आवडणारच.

आज्ञाधारक | २२:१०

म्हणजे ल्युसर्नचे फोटो आहेत तसेच बरोबर. प्रागपण तसंच ठेवा, तिथेही तीच वेळ. झालं काम.

चकलीचुरा | २२:४०

ल्युसर्न लागलं. प्राग अजूनही मोबाइलशी जुळत नाही. चार्ल्स ब्रिजवर संत नेपोमुकच्या पुतळ्याखाली पितळेची पाटी आहे, लोक हात लावून लावून ती सोन्यासारखी झालीय. आपल्याकडे देवळातल्या नंदीचं कपाळ होतं तशी. आईने तिला हात लावून तो डोळ्यांना लावला, अगदी सवयीने, मागचा कोरियन ग्रुप बघून तस्साच करायला लागला. तो क्षण माझ्या मोबाइलमध्ये १०:४१ ला आहे आणि बाबांच्या कॅमेऱ्यात ११:४१ ला. आई एकदाच पाया पडली.

मी_पुणेरी | २२:४४

मोबाइल चुकला असणार. रोमिंगमध्ये होतं असं.

सायली_किनारा | २२:४७

जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळाचा फोटो असेल ना? १४१० चं आहे ते. दर तासाला खिडक्यांतून प्रेषितांचे पुतळे फिरतात. त्या फोटोची वेळ बघा, दूध का दूध होईल.

चकलीचुरा | २२:५१

आहे. कॅमेऱ्यात बरोबर १३:००. मग कॅमेराच खरा?

पावसाळीढग | २२:५५

पुतळे १२ लाही फिरतात आणि १ लाही. तासाभराची चूक त्या पुतळ्यांवरून पकडता येत नाही. प्रागला नक्की कुठल्या तारखेला गेलात?

चकलीचुरा | २२:५८

२७ ला सकाळी विमानाने. २९ पर्यंत. का?

लंडनस्थ | २३:०२

आलं लक्षात! ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या पहाटे मध्य युरोपात तीनाचे दोन वाजतात, घड्याळं एक तास मागे जातात. यंदा रविवार २७ लाच होता. मोबाइल झोपेत बदलला, बाबांचा कॅमेरा उन्हाळी वेळेवर राहिला. (मी पहिल्या प्रतिसादात उन्हाळा-हिवाळा लिहिलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही.)

आज्ञाधारक | २३:०५

लंडनस्थ, चूक मान्य. प्रागचे सगळे एक तास मागे. पण ताई, या वेळी आधी पडताळा करा.

चकलीचुरा | २३:२४

पडताळा बाबांनीच दिला. प्रागला ट्रामचं तिकीट यंत्रात घातलं की त्यावर वेळेचा ठसा उमटतो. बाबांनी प्रत्येक तिकिटाचा फोटो काढलाय, तळहातावर ठेवून, अंगठा कडेला. २८ तारखेचं एक: ठसा १०:१२, कॅमेरा ११:१२. या फोटोंवरून मी तिथे त्यांच्यावर चिडले होते, "समोर किल्ला आहे आणि तुम्ही तिकिटाचा फोटो काय काढताय" म्हणून.

अंधारखोली | २३:३०

किल्ल्याचा फोटो कोणीही काढतं. अंगठ्यासकट तिकिटाचा पुस्तकात घ्या, पूर्ण पानभर.

चकलीचुरा | गुरुवार, २१ नोव्हेंबर, २०:४७

लागलं सगळं. फक्त वहिनीचे ८६ फोटो शेवटी ढिगाने येतायत, सगळ्यांवर ३ नोव्हेंबर.

आज्ञाधारक | २०:५०

व्हॉट्सॅपवर पाठवले ना? त्यात काढल्याची वेळ पुसली जाते. दिसतेय ती तुमच्याकडे आल्याची तारीख. डॉक्युमेंट म्हणून परत मागवा.

चकलीचुरा | २०:५३

हे आधी सांगायला हवं होतं.

आज्ञाधारक | २०:५४

वहिनी आहेत हेच आत्ता कळलं.

चकलीचुरा | शुक्रवार, २२ नोव्हेंबर, १८:२०

फायली दिल्या. १३२ फोटो, ४० पानं. मुखपृष्ठावर ओर्से. फोटोबुकवाला म्हणाला, "मॅडम, घड्याळ उलटं छापलं जाईल, सरळ करून देऊ?" अक्षरशः ओरडले त्याच्यावर. सगळ्यांचे आभार, पावसाळीढग आणि लंडनस्थ यांचे विशेष. शेपूभाजी, मांजराचा एक फोटो निघाला, ल्युसर्नचा. घेतलाय.

निवांत_नाना | शनिवार, २३ नोव्हेंबर, ११:०५

पूर्ण धागा वाचला नाही. कॅमेऱ्याचा सेल बदलून बघितलात का?

मी_पुणेरी | ११:०९

तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.