घोडी उतरत असेल तर चंदी वाढवायची का? माझं मत: आधी वैरण, मग तेल, चणा शेवटी

पागेवरची

आमच्याकडे दोन जनावरं आहेत. एक काठेवाडी, तो नुसत्या वाळलेल्या गवतावरही गुबगुबीत राहतो. दुसरी शर्यतीतून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी, वय अकरा. आषाढ लागला की ती उतरायला लागते. पुठ्ठे आत जातात, कण्याच्या दोन्ही बाजूंना खाच पडते, खरारा करताना हाताला एकेक बरगडी मोजता येते.

गेल्या वर्षी जो तो एकच सांगत होता, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवा. वाढवली. सकाळी तीन किलो, संध्याकाळी तीन किलो, भिजवलेले चणे आणि भरडलेली जई (ओट). महिनाभरात घोडी भरली तर नाहीच, उलट अर्धा दाणा टाकून गव्हाणीच्या कडेवर दात घासत उभी राहायची. लीद पातळ झाली. खोगिराचा पट्टा आवळायला गेलं की मान वळवून चावायला यायची. ही घोडी कधी कुणाला चावलेली नव्हती.

नंतर कळलं की आम्हीच तिचं पोट जाळत होतो. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, जनावर खात असो वा नसो. गवत चावताना जी भरपूर लाळ सुटते ती हे आम्ल शमवते. दाणा झटपट संपतो, लाळही थोडीच सुटते. शिवाय जई आणि चणा, दोन्हींत साधारण चाळीस टक्के पिष्ट. एका वेळी अंगाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट गेलं की अल्सरचा धोका वाढतो. घोडी सव्वाचारशे किलोची धरली तर एका तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत, किलोभर दाणा ही मर्यादा झाली. आम्ही तिप्पट देत होतो. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, मग पोटशूळ, नाहीतर खुरांचा दाह.

मग ताणकाटा आणला आणि वैरण मोजली. ‘पोटभर’ म्हणून जे टाकत होतो ते वाळलेलं गवत पाच किलो निघालं. कोरड्या वजनाने अंगाच्या दोन टक्के तरी पाहिजे, म्हणजे तिला नऊ-साडेनऊ किलो. वर दहा किलो हिरवी लसूणघास देतो म्हणून आम्ही खूश होतो. त्यात पाणीच जास्त, कोरडा चारा म्हणून हिशेब केला तर दोन-अडीच किलो.

मारवेलचं गवत रात्रभर पुरेल एवढं टाकायला लागलो. चंदी दिवसाला दीड किलोवर आणली, तीन वेळा विभागून. तेल 50 मिलीपासून सुरू करून तीन आठवड्यांत 300 मिलीवर नेलं. श्रावणात छातीचा घेर 170 सेंटिमीटर होता, दिवाळीत 176. लांबी 168. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, असं केलं की अंदाजे वजन किलोत निघतं. 409 वरून 438.

म्हणून माझं ठाम मत: उतरणाऱ्या घोड्याला चणा वाढवणं हा पहिला उपाय नाही, शेवटचा आहे.

तापीकाठ

ताई, तुमच्या घोडीचं बरं झालं, आनंद आहे. पण मुद्दा मान्य नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत आमच्या घरचे घोडे तीन पिढ्या उभे राहतात. दत्तजयंतीला गिऱ्हाईक येतं ते घोड्याचा पुठ्ठा आणि मान बघतं, तुमचा ताणकाटा नाही बघत. नुसत्या गवतावरच्या घोड्याचं पोट सुटतं आणि पुठ्ठा तसाच खोलगट राहतो, हे मी शेकडो जनावरांत पाहिलंय. अंगाला मांस चढायचं तर प्रथिन लागतं आणि ते चण्यात आहे, वीस टक्क्यांच्या आसपास. तेलाने चरबी येईल, मांस कुठून येणार?

तुमची चूक चण्याची नव्हती, मापाची होती. तीन किलो एका दमात कुणी देतं का? माझे आजोबा चंदी चार वेळा द्यायचे, पहाटेची स्वतःच्या हाताने. चणे रात्रभर भिजवून सकाळी पाणी बदलायचे, आणि तोबरा चढवायच्या आधी पेंढीभर गवत खायला घालायचे. ती पद्धत मोडायची आणि मग चण्याला बोल लावायचा, हे मला पटत नाही.

मावळपागा

दोघांचंही वाचलं. मी चौदा घोड्यांची रायडिंगची पागा चालवतो आणि मी तयार खाद्याच्या पोत्याच्या बाजूने आहे.

चणा, जई, गव्हाचा कोंडा हे आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं मिश्रण. या तिन्हींत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी. त्यात चारा म्हणून हत्तीघास किंवा उसाचं वाढं दिलं तर त्यातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. माझ्याकडे 2019 साली एक घोडा विकत आला, तोंडाची दोन्ही बाजूंची हाडं फुगलेली, चालताना लंगडणारा. विकणारा सांगत होता, "खानदानी चेहरा आहे." वर्षानुवर्षं कोंडा आणि हत्तीघास खाऊन झालेला तो आजार होता.

पोत्यातल्या खाद्यात खनिजं, जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. आणि खरं सांगायचं तर माझे तीन मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे गडी, तीन प्रकारे चंदी कालवतात. पोत्यातलं एक माप रोज तेच असतं.

गुरांची डॉक्टर

मी तालुक्याच्या गावात जनावरं बघते. तिघंही खाद्यापासून सुरुवात करताय, म्हणून मध्ये बोलते.

घोडा खातोय आणि तरी उतरतोय, तर आधी तोंड उघडून बघा. दाढांना बाहेरून धार येते, गाल कापला जातो, घोडा गवत चघळून बोळे करून खाली टाकतो. मालकाला वाटतं नखरे करतोय. लिदीत अख्खे दाणे दिसत असतील तर तुमची चंदी चावलीच जात नाहीये. वर्षातून एकदा तरी दाढा कानशीने घासून घ्याव्या लागतात.

दुसरं, लिदीची तपासणी. अंदाजाने जंताचं औषध पाजत राहू नका, अंडी किती आहेत ते मोजून ठरवा.

तिसरं, आणि आपल्याकडे हे फार राहून जातं: सर्रा, रक्तातल्या परजीवीचा आजार. पावसाळ्यात आणि त्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमधून पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज, डोळ्यांच्या आतली त्वचा फिकट, आणि घोडा खात असूनही वाळत जातो. मागच्या भाद्रपदात एका घोडीला मालकाने दोन महिने तूप-गूळ-चणा खाऊ घातला. जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली होती. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा परजीवी वळवळताना दिसले. घोडी वाचली, पण ते दोन महिने वाया गेले. मला अजून वाईट वाटतं.

पागेवरची ताई, तुमच्या घोडीची लक्षणं अल्सरशी जुळतात आणि लसूणघासातलं कॅल्शियम आम्ल शमवायला मदत करतं, तेव्हा तुमची दिशा बरोबर होती. पण दुसऱ्याच्या घोड्याला तोच उपाय डोळे झाकून सांगू नका.

पागेवरची

डॉक्टर, हे मी मूळ लेखात पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. आमच्या घोडीचे दात आणि रक्त दोन्ही तपासलं होतं.

तापीकाठ दादा, मांसाचा मुद्दा मान्य. जईच्या प्रथिनात जे कमी पडतं ते, विशेषतः लायसिन, चण्यात बरंच असतं. म्हणूनच आमच्या दीड किलो चंदीत अर्धा किलो चणा आजही आहे. माझा विरोध चण्याला नाही, ‘घोडा वाळला, चणा वाढव’ या सवयीला आहे. आजोबांची पद्धत सांगितलीत, पण आज किती ठिकाणी चार वेळा चंदी दिली जाते? बहुतेक तबेल्यांत सकाळ-संध्याकाळ दोनच तोबरे. पद्धत गेली आणि माप तेवढं राहिलं. तेही घोडा दिवसभर टापा झाडत होता त्या काळातलं.

मावळपागा, खनिजांचं पटलं. पण पोत्यावर प्रथिन, स्निग्धांश, तंतू छापतात, पिष्ट किती ते बहुतेक वेळा छापत नाहीत. कंपनीला फोन करून विचारा. मी तीन ठिकाणी विचारलं, एकाने सांगितलं, दोघांनी ‘घोडा लवकर भरेल’ एवढंच उत्तर दिलं. आणि बरेच जण महाग म्हणून अर्धा किलो पोत्यातलं आणि बाकी घरची चंदी असं करतात. मग मोजून घातलेली ती खनिजं अर्धीसुद्धा पोचत नाहीत.

दस्तुरी नाका

मी माथेरानला घोडा चालवतो. वर मोटार येत नाही, गवताची प्रत्येक पेंढी खालून चढवावी लागते. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, कमाई नाही, आणि घोडा तर खातोच. तुम्ही रात्रभर गव्हाण भरून ठेवा म्हणता, ते माळावर गोठा असलेल्याला ठीक. मला दहा किलो गवतापेक्षा दोन किलो चणा आणणं परवडतं. गरिबाने काय करायचं ते पण लिहा. सध्या मी चणा कमी करून म्हशीच्या गोळीपेंडेत भागवतो, ती स्वस्त पडते.

गुरांची डॉक्टर

दादा, ती गोळीपेंड आजच थांबवा. आजच.

गाई-म्हशींच्या काही खाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला जे सहज चालतं त्याच्या कितीतरी कमी मात्रेत घोड्याच्या हृदयाचे स्नायू मरतात, आणि त्यावर उतारा नाही. गोळीत ते आहे की नाही हे पिशवीवर दर वेळी लिहिलेलं असेलच असं नाही. शिवाय त्यात युरिया असू शकतो, तो घोड्याच्या काही कामाचा नाही. सरकी पेंडही नको, आणि ओलसर जागेत ठेवलेली शेंगदाणा पेंड तर मुळीच नको, तिच्यात बुरशीचं विष धरतं.

पागेवरची

दस्तुरी नाका, तुमची अडचण खरी आहे, मी तिचा विचार केला नव्हता. वजनाला हलकं आणि ताकदीला भारी म्हणाल तर तेलच. 300 मिली तेलात पाऊण किलोहून जास्त जईइतकी ऊर्जा असते, आणि त्यात पिष्ट अजिबात नाही. घोड्याला पित्ताशय नसतं म्हणून त्याला तेल पचत नाही असं लोक म्हणतात, पण पित्त सतत थेट आतड्यात येत असतं, त्यामुळे हळूहळू वाढवलं तर पचतं. साधं सोयाबीनचं चालतं, फक्त खवट नको. इ जीवनसत्त्व बरोबर द्या, 100 मिलीमागे सुमारे 100 युनिट. गवत मात्र अंगाच्या दीड टक्क्याच्या खाली जाऊ देऊ नका. बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगलं तर सांडत नाही आणि तेवढंच गवत दुप्पट वेळ पुरतं.

आणि कितीही स्वस्त मिळालं तरी हिरवं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, नको. त्याने घोड्याचं मूत्राशय आणि मागचे पाय अधू होतात. वाळलेला कडबा निराळा.

दस्तुरी नाका

गोळी बंद केली. जाळी इथं मिळत नाही, कोळ्यांच्या जुन्या जाळ्याची विणून बघतो.

तापीकाठ

चणा मी सोडणार नाही, ते आधीच सांगतो. ताईंचं तेल आमच्याकडचे दोन घोडे तोंडसुद्धा लावत नाहीत.

पण डॉक्टरांचं वाचून काल रात्री बॅटरी घेऊन गव्हाणी बघितल्या. आमचा नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, यंदा भरत नव्हता, त्याला रोज अर्धा किलो चणा जादा चालला होता. त्याच्या पायाशी गवताचे चघळलेले बोळे सापडले, मुठीत मावतील एवढे, अजून ओले. अकरा मोजले. मोतद्दार म्हणाला, रोजच असतात, झाडून टाकतो.

दाढा बघायला उद्या सकाळी डॉक्टर येत आहेत. तोवर त्याचा चणा बंद, लसूणघास बारीक कापून भिजवून घातली आहे.