पेन्शन सुरू झाली की शपथ संपते का?

माजी_हवालदार
जय हिंद मंडळी. मी इन्फंट्रीतून रिटायर झालोय. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाद झाला, तो काही डोक्यातून जात नाहीये म्हणून इथं विचारतो. एकाने आमच्या जुन्या पोस्टवरचे, म्हणजे चौकीवरचे फोटो टाकले, बंकर, मागची डोंगरधार, वर जायची वाट, सगळं स्पष्ट दिसतंय. मी म्हणलं काढ ते. तर म्हणतो डिस्चार्ज बुक, नोकरी संपल्याचा कागद, हातात आहे, आता कोण सीओ (कमांडिंग ऑफिसर) आणि कोण सुभेदार मेजर, शपथ नोकरीपुरती होती. वर दोघातिघांनी त्यालाच लाइक दिले. मला मात्र कसम परेड, शपथ घेतली तो दिवस, आठवते, समोर पलटणीचं निशान, धर्मगुरू ग्रंथ घेऊन उभे, आणि आम्ही पोरं एका आवाजात बोलतोय, उस्तादांच्या शिव्या खाऊन घट्ट झालेली पोरं पण त्या दिवशी सगळ्यांचे डोळे भरलेले. ते सगळं नोकरीपुरतंच होतं का? कायदा काय म्हणतो ते सांगाच, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते जास्त सांगा.

सुभेदार_क्लार्क_निवृत्त
भाऊ, मी सेंटरला बरीच वर्षं क्लार्क होतो, हे कागद रोज हाताखालून जायचे. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम १७ वाचा. शपथेत काय काय असलंच पाहिजे ते त्यात दिलंय. संविधानाशी खरी निष्ठा, जमीन, समुद्र, हवा कुठल्याही मार्गाने पाठवतील तिथं जाणं, आणि वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम जीव धोक्यात घालून पाळणं. आता जाणं आणि हुकूम पाळणं हे डिस्चार्जबरोबर सुटलं, रिझर्व्हची, म्हणजे गरज पडली तर परत बोलावण्याची, जबाबदारी असेल तर ती संपल्यावर सुटलं. उद्या कुणी फॉलइन, रांगेत उभे राहा म्हणलं तर तुम्ही घरी बसू शकता. पण संविधानाशी निष्ठा ही कुठल्या सीओच्या हुकमाने आलेली नव्हती, मग सीओ गेल्यावर ती जाईल कशी? माझ्या मते ती राहते.

आणि फोटोंसाठी शपथेपर्यंत जायची गरजच नाही. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे आणि तो सिव्हिलियनलाही लागतो. त्याला म्हणावं आजच डिलीट कर, ज्यांनी पुढं पाठवलेत त्यांनाही काढायला लाव. त्या वाटेने आज दुसऱ्यांची पोरं चढतायत.

इतिहास_वाचणारा_फौजी
सुभेदार साहेबांशी सहमत, थोडं जोडतो. शपथ कुणाच्या नावाने घेतली यावर सगळं आहे. २ ऑगस्ट १९३४ ला जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवशी सैन्याला हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला लावली, देशाच्या नाही, एका माणसाच्या. पुढं काय चाललंय ते दिसत असूनही कितीतरी अधिकारी शपथ मोडायची कशी म्हणून गप्प राहिले. १९५५ ला तिथं नवं सैन्य उभं राहिलं, त्यांच्या शपथेत कुणा माणसाचं नाव नाही.

आपल्याकडेही हा पेच येऊन गेलाय. आझाद हिंद सेनेत गेलेल्या हजारो जवानांनी आधी ब्रिटिश राजाची शपथ घेतलेली होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध केल्याचा खटला उभा राहिला, भुलाभाई देसाईंनी तिथं बाजू मांडली की गुलाम देशाला स्वातंत्र्यासाठी लढायचा हक्क आहे. आणि त्याच दुसऱ्या महायुद्धात राजाला दिलेला शब्द पाळून ब्रिटिशांकडून बर्मात लढलेले जवानही आपलेच होते, मला तरी त्यांना कमी लेखता येत नाही. देश एकीकडे आणि शपथ दुसरीकडे अशी फरफट त्या पिढीने सोसली. आपण संविधानाची शपथ घेतली म्हणून आपल्यावर ती वेळ आली नाही, याची किंमत मला रिटायर झाल्यावर जास्त कळली. आर्मी ॲक्टच्या कलम ४१ मध्येसुद्धा शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याबद्दल, कुठल्याही हुकमाबद्दल नाही.

गुडघे_गेलेला_नाईक
मला थोडं वेगळं बोलायचंय. तारुण्य दिलं, गुडघे दिले. आता शपथेचं नाव काढून लोक आमच्याकडून वाट्टेल ती अपेक्षा ठेवतात, तुम्ही फौजी ना, मग तक्रार कशाला करता. २०१५ ला वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे तोच हुद्दा आणि तेवढीच सेवा असेल तर सारखी पेन्शन मिळावी म्हणून, माजी सैनिक जंतरमंतरवर बसले तेव्हा त्यांनाही शिस्त शिकवणारे निघालेच. अरे, नोकरीत युनियन, मोर्चा, प्रेसशी बोलणं यावर बंधन होतं ते आर्मी ॲक्टच्या कलम २१ मुळे, आणि तो अधिकार संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदातून येतो. वर्दी उतरली की ते बंधन गेलं. हक्क मागणारा माजी सैनिक शपथ मोडत नाही, हे कुणीतरी ठणकावून सांगायला पाहिजे. बाकी फोटोचं म्हणाल तर तुमचा मित्र साफ चूक.

फौजीची_बायको
नाईक दादा अगदी बरोबर बोललात. मी घरातलं सांगते. आमचे हे रिटायरमेंटनंतर सोसायटीचे सेक्रेटरी झाले. एका मीटिंगमध्ये काही जणांनी ठराव आणला की अमुक धर्माच्या माणसांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. ह्यांनी आवाज चढवला नाही की भाषण दिलं नाही, रजिस्टर बंद केलं आणि टेबलावरून पलीकडे सरकवलं, म्हणाले यावर माझी सही होणार नाही, सेक्रेटरी दुसरा बघा. बरेच दिवस लोक लिफ्टमध्ये नजर चुकवायचे, मला त्याचा त्रास झाला, खोटं कशाला बोलू. रात्री विचारलं एवढं कशाला ताणलंत, तर म्हणाले मी हात वर करून संविधानाचं नाव घेतलंय, आता चार शेजाऱ्यांसाठी ते मागे घेऊ का. नोकरीत असताना त्यांनी शपथेबद्दल माझ्याजवळ एक शब्द काढला नव्हता.

अग्निवीराचा_बाप
वाचतोय सगळं. माझा मुलगा अग्निवीर आहे, २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षं, पुढं जास्तीत जास्त २५ टक्के पोरं घेणार. बाकीची पोरं ऐन पंचविशीच्या आसपास घरी येतील, पेन्शन नाही, पण शपथ यांनीही तीच घेतलीय. तुम्ही मोठ्यांनी ग्रुपवर काय टाकता, काय बोलता ते ही पोरं बघतात, एवढं लक्षात ठेवा.

माजी_हवालदार
सगळ्यांचे आभार. फोन करून बोललो त्याच्याशी. फोटो डिलीट केले त्याने, पुढं पाठवलेल्यांनाही सांगितलं. शपथेवर मात्र अडूनच होता, मग अर्ध्या तासाने खरं बोलला, डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट झालाय, कुणी नीट उत्तर देत नाही. सगळा राग तिकडचा. सुभेदार साहेब, पुढं काय करायचं असतं?

सुभेदार_क्लार्क_निवृत्त
आधी रिजेक्शनचं पत्र आणि मेडिकल बोर्डाची कॉपी दोन्ही हातात घ्यायला सांगा, पत्रात कारण काय दिलंय ते बघू. पहिलं अपील करायचं, तिथं नाही झालं तर दुसरं, आणि तरीही नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, फौजींच्या नोकरी-पेन्शनच्या तक्रारींचं न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्याने झालेलं. पत्रावरची तारीख आधी बघा, मुदत जाऊ देऊ नका. मला मेसेज करा, अपीलचा ड्राफ्ट मी बसून लिहून देतो.